विकिपीडियाचं नवं रूप आणि सवयीचा हात

१८ जानेवारी २०२३. त्या दिवशी संगणकावर इंग्रजी विकिपीडिया उघडणाऱ्याला पान ओळखीचं वाटलं, पण सवयीने हात जाई तिथे काही सापडेना. डावीकडची दुव्यांची लांबलचक पट्टी तीन आडव्या रेघांच्या बटणामागे गेली होती. लेखाच्या सुरुवातीच्या चौकटीत असणारी अनुक्रमणिका डाव्या बाजूला सरकली होती आणि लेख कितीही खाली नेला तरी तिथेच उभी राहत होती. इतर भाषांची यादी जुन्या जागेवरून उठून शीर्षकाच्या ओळीत, उजव्या कोपऱ्यात एका बटणात जाऊन बसली होती. शोधाची चौकट उजवीकडून लोगोच्या शेजारी आली होती. आणि सगळ्यात आधी डोळ्यांत भरत होतं ते हे की, मजकूर पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरत नव्हता. दोन्ही बाजूंना पांढरी जागा सोडून तो मधल्या पट्ट्यात बसला होता.

या रूपाचं नाव व्हेक्टर २०२२. त्याआधीचं व्हेक्टर २०१० चं, आणि त्याच्याही आधीचं मोनोबुक २००४ चं. म्हणजे जगातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या संकेतस्थळांपैकी एकाने जवळपास वीस वर्षांत संगणकावरचा चेहरा दोनदाच बदलला. तरीही दोन्ही वेळा गदारोळ झाला, लोकांनी पानंच्या पानं भरून राग व्यक्त केला, आणि नंतर तेच लोक नव्या रूपात काम करताना दिसले. सगळे नाहीत, पण बहुतेक.

चिडणाऱ्यांना हेकेखोर म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण त्यांच्या चिडण्याला कारण आहे आणि ते मोजता येतं. साइटवर पहिल्यांदा येणारा माणूस बटणांवरची अक्षरं वाचतो. रोज येणारा वाचत नाही. ‘इतिहास’ हा टॅब कुठे आहे हे त्याला सांगता येईलच असं नाही, पण माउस तिथे जाऊन पोहोचलेला असतो. ॲलन न्यूवेल आणि पॉल रोझेनब्लूम या संशोधकांनी १९८१ साली सरावाचा एक नियम मांडला होता: कामाला लागणारा वेळ सुरुवातीला झपाट्याने कमी होतो, मग हळूहळू, आणि पुढे जवळजवळ स्थिरावतो. नेहमीचा वापरकर्ता या उताराच्या तळाशी पोहोचलेला असतो. मांडणी बदलली की त्याला पुन्हा वर नेऊन ठेवलं जातं. नवी मांडणी अखेरीस जुनीपेक्षा वेगवान ठरणार असेलही, पण पहिल्या दिवशी ती त्याच्यासाठी खरोखरच संथ असते. ‘हे आधीपेक्षा वाईट आहे’ हे त्याचं वाक्य त्या दिवसापुरतं अगदी खरं असतं.

त्यात डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलेली गोष्ट मिसळते: जितकं मिळवल्याचा आनंद होतो, त्याहून तितकंच गमावल्याचं दुःख मोठं वाटतं. नव्या मांडणीतून होणारा लाभ पुढे कधीतरी, थोडाथोडा होणार असतो. गेलेलं बटण मात्र आत्ता, या क्षणी गेलेलं असतं.

हा क्षण कोणता, यावरही बरंच अवलंबून असतं. निवांत वाचणाऱ्याचे दहा सेकंद वाया गेले तर फार बिघडत नाही. रेल्वेचं तत्काळ तिकीट काढणारा मात्र वातानुकूलित डब्यासाठी सकाळी दहाला आणि साध्या शयनयानासाठी अकराला बोट तयार ठेवून बसलेला असतो. त्याच्यासाठी सरकलेलं एक बटण म्हणजे हातची गेलेली जागा. म्हणून ज्या साइटवर घाईची ठरलेली वेळ असते, तिथे त्या वेळेच्या आसपास काहीही बदलू नये, हा या धंद्यातला अगदी प्राथमिक शहाणपणा.

तक्रारी दोन प्रकारच्या असतात आणि खरी पंचाईत इथेच आहे. एक तक्रार जागा बदलल्याची. हात नवी जागा शिकला की ती विरते. दुसरी तक्रार काहीतरी गमावल्याची: आधी करता येणारं काम आता करताच येत नाही, किंवा पूर्वीच्या दुप्पट खटाटोपाने करावं लागतं. ही विरत नाही. पण दोन्ही एकाच दिवशी, एकाच सुरात, बहुधा एकाच माणसाकडून येतात. ‘लोक सुरुवातीला ओरडतातच, होईल सवय’ असं म्हणून सगळ्यावर पडदा टाकणारे लोक पहिलीच्या आडून दुसरीही फेकून देतात. माझ्या मते नव्या मांडणीच्या बहुतेक मोठ्या अपयशांचं मूळ इथे आहे.

२०१० च्या बदलात विकिपीडियाने हे स्वतःच अनुभवलं. बदलाची तयारी तशी नेटकी झाली होती. २००९ च्या ऑगस्टपासून ज्याला हवं त्याला नवं रूप वापरून पाहता येत होतं आणि न आवडल्यास परतता येत होतं. १३ मे २०१० रोजी ते इंग्रजी विकिपीडियावर सगळ्यांना लागू झालं. (त्याच दिवशी लोगोतला कोड्याच्या तुकड्यांचा गोलसुद्धा नव्याने आला. जुन्या गोलावरच्या देवनागरी ‘वि’ची वेलांटी चुकीच्या जागी पडली होती, ती या वेळी दुरुस्त झाली. जगभर रोज दिसणाऱ्या चित्रात एक वेलांटी सात वर्षं भलत्याच जागी होती!) पण या नव्या रूपात डावीकडची ‘इतर भाषा’ची यादी मिटवून ठेवली होती. मथळ्यावर क्लिक केल्याखेरीज ती उघडत नव्हती. मांडणी करणाऱ्यांचं म्हणणं आकड्यांवर उभं होतं: इंग्रजी विकिपीडियाच्या शंभर वाचकांत एकसुद्धा त्या दुव्यांवर क्लिक करत नाही, मग ते जागा का अडवतात?

संपादक खवळले आणि त्यांचं उत्तर ऐकण्यासारखं होतं. ती यादी क्लिक करण्यापुरती नाही. या विषयावर तमिळमध्ये, स्वाहिलीमध्ये, मराठीमध्येही कुणी लिहिलं आहे, हे ती न बोलता सांगते. आपल्या भाषेत विकिपीडिया आहे, हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला ते कळण्याची ती एकमेव वाट होती. इंग्रजी लेख वाचताना डावीकडच्या लिपींच्या गर्दीत ‘मराठी’ हा शब्द दिसला आणि तिथून मराठी विकिपीडियावर आलो, असं सांगणारे कमी नसतील. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, पण त्याची जाहिरात करणारं तसं कुणीच नव्हतं. ती यादीच त्याची पाटी होती. काही दिवसांच्या खडाजंगीनंतर विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने यादी पुन्हा उघडी केली.

किती क्लिक झाले, हे मोजता येतं. यादी नुसती दिसण्याने काय साधलं, हे मोजायला कुणी बसलेलंच नव्हतं. २०२२ च्या रूपात भाषा पुन्हा बटणात गेल्या आहेत, पण या वेळी बटणावर त्यांची संख्या लिहिलेली असते, आणि उघडल्यावर ब्राउझरची भाषा व आधीची निवड पाहून सुचवलेल्या भाषा वर येतात. मला हा तोडगा निम्मा पटतो. ‘९५ भाषा’ हा आकडा वाचून ‘मराठी’ हा शब्द पाहिल्याचा परिणाम होत नाही.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण. डिग ही बातम्यांचे दुवे सुचवण्याची आणि त्यांवर मतं देण्याची अमेरिकन साइट २००४ मध्ये सुरू झाली आणि काही वर्षं कमालीची लोकप्रिय होती. तिची चौथी आवृत्ती २५ ऑगस्ट २०१० रोजी आली, सगळ्यांना एकदम. नकोसा दुवा खाली ढकलण्याचं ‘बरी’ म्हणजे ‘पुरून टाका’ हे बटण गेलं. प्रकाशन संस्थांना आपले दुवे आपोआप टाकता येऊ लागले, म्हणजे नेहमीच्या सदस्यांच्या हातातली सत्ता गेली. वर साइट वारंवार बंद पडत होती. सदस्यांनी काय केलं? प्रतिस्पर्धी रेडिटचे दुवे एकगठ्ठा वर ढकलून डिगचं पहिलं पान रेडिटने भरून टाकलं, आणि मग बरेच जण तिकडेच निघून गेले. जुलै २०१२ मध्ये डिगची साइट व नाव बीटावर्क्स या कंपनीने घेतलं. तेव्हाच्या वृत्तांनुसार त्या भागाची किंमत साधारण पाच लाख डॉलर होती.

लोक ओरडले तेव्हा डिगने जुनी आवृत्ती परत का नाही आणली? कारण परत जायची वाट उरलेलीच नव्हती. चेहऱ्याबरोबर आतली सगळी यंत्रणा नव्याने लिहिली होती, माहिती साठवण्याची पद्धतसुद्धा बदलली होती. दिसणं, वागणं आणि आतला पाया या तीन गोष्टी एकाच रात्री बदलल्या. त्यामुळे काय चुकलं हे शोधणंही अवघड, आणि मागे फिरणंही अशक्य.

आज जाणती मंडळी या तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवतात. नवा कोड आधी सर्व्हरवर जातो, पण बंद अवस्थेत. मग एका सेटिंगने तो शंभरातल्या एका वापरकर्त्यासाठी चालू होतो, मग पाचांसाठी, मग पन्नासांसाठी. काही बिनसलं तर तेच सेटिंग उलटं फिरवायचं. ईबेबद्दल एक गोष्ट या व्यवसायात वारंवार सांगितली जाते: पिवळी पार्श्वभूमी एकदम पांढरी केली तेव्हा तक्रारींचा पाऊस पडला, म्हणून पिवळा परत आणला आणि मग कित्येक महिने रोज किंचित फिका करत पांढऱ्यावर नेला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. गोष्ट रंगवलेली असू शकते. शिवाय ही युक्ती रंगापुरतीच चालते. बटण रोज एक मिलिमीटर सरकवलं, तर हाताला कुठलीच जागा पक्की होणार नाही.

व्हेक्टर २०२२ साठी विकिपीडियाने तुकड्यांचा मार्ग धरला. २०१९ मध्ये काम सुरू झालं. २०२० पासून फ्रेंच, हिब्रू, फारसी, बास्क अशा काही विकिपीडियांनी आपणहून ते आधी वापरायला घेतलं. हिब्रू आणि फारसी उजवीकडून डावीकडे लिहिल्या जातात, म्हणजे मांडणीतल्या निम्म्या चुका तिथेच बाहेर पडणार. आणि सगळं एकदम आलं नाही: आधी मिटणारी पट्टी, मग शोधाची नवी चौकट, मग भाषांचं बटण, मग पान खाली नेल्यावर वर चिकटून राहणारा मथळा, शेवटी अनुक्रमणिका. प्रत्येक तुकड्याची वेगळी चाचणी. शोधाच्या चौकटीत सुचवण्यांबरोबर चित्र आणि एका ओळीचं वर्णन दिसू लागलं. त्यामुळे शोध ३० टक्क्यांनी वाढले, असं फाउंडेशनने जाहीर केलं.

अशा चाचण्यांत अर्ध्या लोकांना जुनं आणि अर्ध्यांना नवं दाखवून तुलना करतात. ऐकायला सरळ, पण त्यात दोन खाचखळगे आहेत. नेहमीचे लोक पहिल्या आठवड्यात अडखळतात, त्यामुळे चांगला बदलही वाईट दिसतो. उलट काही जण नव्या बटणावर निव्वळ कुतूहलाने क्लिक करतात, त्यामुळे निरुपयोगी बदलही यशस्वी दिसतो. यावर उपाय म्हणजे चाचणी काही आठवडे चालू ठेवायची आणि नवखे व जुने यांचे आकडे वेगवेगळे पाहायचे. नवख्याला कुठलीच सवय नसते. तोसुद्धा अडखळत असेल, तर दोष सवयीचा नाही, मांडणीचाच आहे.

सगळ्यात मोठं भांडण मात्र त्या पांढऱ्या जागेवरून झालं. ओळ फार लांब झाली की पुढच्या ओळीची सुरुवात शोधताना डोळा चुकतो, म्हणूनच वर्तमानपत्रं मजकूर स्तंभांत छापतात. रुंद मॉनिटरवर विकिपीडियाची ओळ फुटाफुटाची होत असे, तेव्हा तिला मर्यादा घालण्यामागचा विचार चांगला होता. पण विकिपीडियावर मोठमोठे तक्ते असतात, शेजारी-शेजारी ठेवलेली चित्रं असतात, आणि संपादन करणाऱ्याला वाचकापेक्षा अधिक एकाच नजरेत बघायचं असतं. बदल लागू करण्यापूर्वी २०२२ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर चर्चा झाली, तिच्या निकालात एक अट निघाली: रुंदी पूर्ववत करण्याचं बटण सगळ्यांना मिळालं पाहिजे, लॉगिन न करणाऱ्यांनासुद्धा.

बटण आलं, पण लॉगिन न केलेल्या वाचकाने रुंदी वाढवली की पुढच्या पानावर ती पुन्हा आक्रसायची. हा निष्काळजीपणा नव्हता, त्यामागे तांत्रिक अडचण होती. इतक्या प्रचंड वाचकसंख्येला प्रत्येक वेळी पान नव्याने बनवून देणं परवडत नाही. म्हणून लॉगिन न केलेल्या सगळ्यांना एकच तयार प्रत दिली जाते, जी जगभरच्या सर्व्हरांवर साठवलेली असते. सर्व्हरला तुम्ही कोण हेच ठाऊक नसतं, मग तुमची आवड त्याला कुठून ठाऊक असणार? यावरचा उपाय पुढे काही महिन्यांनी आला: निवड वाचकाच्याच ब्राउझरमध्ये नोंदवायची आणि पान डोळ्यांसमोर उमटण्याच्या आत एका छोट्या स्क्रिप्टने ती लागू करायची. उशीर झाला तर पान आधी अरुंद दिसून मग झटक्यात रुंद होतं. ते आणखी त्रासदायक. माझ्या मते हे काम लागू करण्याच्या आधी व्हायला हवं होतं. अट शब्दशः पाळली गेली होती, तिचा हेतू नाही.

जानेवारी २०२३ नंतर लगेच जुन्या रूपावर परत जावं का, यावर पुन्हा मतं मागवली गेली. परत जा म्हणणारे जास्त होते. पण विकिपीडियावर नुसती डोकी मोजत नाहीत, युक्तिवाद पाहतात. निकाल ‘एकमत नाही’ असा लागला आणि नवं रूप टिकलं. हा निकाल अनेकांना आजही मान्य नाही. पण मत देणारे बहुतेक जण संपादक होते, आणि साइट वाचणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या तुलनेत ते मूठभर. नेहमीचा वापरकर्ता नेमका कोण, हा प्रश्न इथे फार अवघड होऊन बसतो: जो रोज लिहितो तो, की जो रोज वाचतो पण कधी बोलत नाही तो?

फाउंडेशनने या प्रश्नाचं उत्तर दांडगाईने देऊनही पाहिलं आहे. २०१३ च्या जुलैमध्ये इंग्रजी विकिपीडियावर नवा दृश्य संपादक, म्हणजे लेख दिसतो तसाच संपादित करू देणारं साधन, सर्वांसाठी चालू केला. तो अपुरा होता, आणि सप्टेंबरात संपादकांच्या समाजातल्याच एका प्रशासकाने तो मूळ निवडीतून काढून टाकला. २०१४ मध्ये चित्रं मोठी करून दाखवणारं साधन आलं. जर्मन विकिपीडियाच्या प्रशासकांनी ते बंद करू नये म्हणून फाउंडेशनने प्रशासकांनाही हात लावता येणार नाही असं वरच्या दर्जाचं कुलूप तयार केलं. त्यावर असा संताप उसळला की २०१५ च्या नोव्हेंबरात ते कुलूप काढूनच टाकावं लागलं. २०१९ नंतरची चर्चा, चाचण्या, अटी हा सगळा संयम त्या अनुभवातून आला असावा.

या वादांत जवळजवळ ऐकूच न येणारे लोकही असतात. दृष्टिहीन वाचक एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरवर पान ऐकतात आणि एका कळीने एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी मारतात. त्यांच्यासाठी रंग आणि पांढरी जागा यांना अर्थ नाही. पानाच्या आतल्या रचनेचा क्रम हीच त्यांची मांडणी. दिसायला काहीही न बदलता हा क्रम बदलला, तर इतरांना पत्ताही लागत नाही आणि त्यांची सगळी वाट मोडते. जुने पत्ते म्हणजे यूआरएल, कीबोर्डचे शॉर्टकट, संपादकांनी स्वतः लिहिलेल्या छोट्या स्क्रिप्ट यांचंही तसंच. चेहरा बदलताना या गोष्टी तशाच ठेवल्या तर निम्मं भांडण टळतं, आणि त्या ठेवण्याचं श्रेय कुणालाच मिळत नाही.

राहिला प्रश्न जुनं दार किती काळ उघडं ठेवायचं याचा. रेडिटने २०१८ मध्ये नवं रूप आणलं आणि जुनं वेगळ्या पत्त्यावर चालू ठेवलं. विकिपीडियावर खातं असलेल्याला पसंतीच्या पानात जाऊन व्हेक्टर २०१० निवडता येतं, एवढंच काय, २००४ चं मोनोबुकही. संताप ओसरण्यात या एका पर्यायाचा वाटा मोठा असतो: परतता येतं हे माहीत असलेला माणूस नवं काहीतरी शांतपणे वापरून पाहतो. पण हे फुकट नाही. प्रत्येक नवी सोय दोन-दोन रूपांत तपासावी लागते. मग हळूहळू जुन्या रूपात ती येतच नाही, आणि जुनं रूप बंद न होताच जुनाट होत जातं.

२०२४ मध्ये विकिपीडियाने अक्षराचा आकार आणि गडद पार्श्वभूमी निवडण्याची सोय दिली. देवनागरीसाठी आकाराचा मुद्दा लॅटिनपेक्षा अधिक महत्त्वाचा, कारण शिरोरेघेच्या वरची वेलांटी आणि खालचा उकार बारीक अक्षरात नीट ओळखू येत नाहीत. मूळ आकार थोडा मोठा करायचं ठरलं तेव्हा फाउंडेशनने तो लॉगिन न करणाऱ्या वाचकांसाठी मोठा केला आणि खातं असलेल्यांसाठी पूर्वीचा लहानच ठेवला. ज्याला मोठा हवा तो संपादक एका क्लिकने घेतो. त्या बदलावर २०२३ सारखी मतदानाची पानं भरली नाहीत.